मागच्या चाकाचं बेअरिंग परत परत जातंय? नवीन घालायच्या आधी जुनं नीट बघा

माझ्या गाडीचं मागचं उजवं बेअरिंग तीनदा गेलं. एकच गाडी, एकच बाजू. डावीकडचं अजून गाडीसोबत आलेलंच आहे, त्याला आजपर्यंत कोणी हात पण लावलेला नाही. म्हणजे रस्ते खराब, लोड जास्त, गाडी जुनी झाली ही सगळी कारणं बाद, कारण डावं चाक काय वेगळ्या रस्त्यावरून जात नाही ना. तरी दोन वेळा मी हेच धरून बसलो की बेअरिंगच डुप्लिकेट आलं असणार. नव्हतं तसं. तिसऱ्या वेळी सगळं उघडून, पुसून, उजेडात धरून बघितलं तेव्हा कळलं, ते लिहितोय. सोबत हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, काढायची पद्धत पण येईल कारण त्यातच अर्ध्या चुका होतात.

आधी खात्री करा की बेअरिंगच आहे. टायर मध्येमध्ये कापल्यासारखा झिजला असेल तर अगदी तसाच घूं-घूं आवाज देतो आणि लोक उगाच हब खोलून बसतात. फरक असा की टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो, गुळगुळीत डांबरावर एक आणि खडबडीत काँक्रीटवर दुसरा. बेअरिंगला रस्त्याशी देणंघेणं नाही, ते फक्त स्पीडसोबत वाढतं, न्यूट्रल करून गाडी नुसती घरंगळू दिली तरी आवाज तसाच. मग वळणावर बघा. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक उजवीकडचं. शंका राहिली तर टायर पुढचे मागे करून बघा, आवाज टायरसोबत पुढे गेला तर सुटलात.

चाक उचलून वर-खाली धरून हलवायची टेस्ट सगळे करतात, ती करा, पण तिथे ढिलेपणा जाणवला नाही म्हणून बेअरिंग चांगलं असं समजू नका. माझ्या तिन्ही वेळेला प्ले नावाला पण नव्हता. त्यापेक्षा एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर हाताला लागते, वाळूवरून काहीतरी सरकतंय तशी. कानाला ऐकू यायच्या आधी हाताला कळतं हे.

आता काढायचं. माझ्या गाडीला मागे ड्रम आहे, बेअरिंग ड्रमच्या मधल्या हबमध्ये प्रेस केलेलं आणि तो अख्खा ड्रम स्टबवर चढतो, म्हणजे ॲक्सलमधून बाहेर आलेल्या जाड दांड्यावर, आणि वरून एक मोठा नट. बऱ्याच फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांना अशीच रचना. दुसरा प्रकार म्हणजे हब आणि बेअरिंग एकत्र सीलबंद युनिट, मागून चार बोल्टने बसलेलं. तिसरा, जुन्या गाड्यांमधला, दोन टेपर रोलर बेअरिंग आणि स्प्लिट पिन मारलेला नट. तुमचा कुठला ते आधी बघा कारण नट कसा आवळायचा हे तिन्हीत वेगळं आहे आणि तिथेच मेख आहे.

गाडी सपाट जागेवर, गिअरमध्ये, पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे. हे ठोकळ्यांचं मी उगाच सांगत नाहीये, मागचा ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो, मग गाडी फक्त पुढच्या चाकांवर अडलेली राहते. जॅकवर उचलून खाली स्टँड द्या, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीला जोर लावून पाना ओढायचा नाही.

मोठा नट मात्र गाडी उचलायच्या आधी, चाक जमिनीवर आणि हँडब्रेक लावलेला असतानाच सैल करायचा. रिमच्या मधल्या भोकातून टोपी काढा, बारीक छिन्नी कडेकडेने ठोकत फिरवत जायचं, एकाच बाजूने उचकटली तर ती वाकडी होते आणि वाकडी टोपी परत वापरली की पाणी आत जातं. नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असते ती आधी छिन्नीने उचला, नाहीतर स्टबचे आटे जातात. सॉकेट साधारण 30, 32 किंवा 36 चं लागतं, गाडीप्रमाणे. लांब दांडा, त्यावर पाईप, आणि झटके न देता सलग जोर.

आणि इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, नट किती जोराने सुटला हे मनात नोंदवून ठेवा. मी तिसऱ्या वेळी हा नट सैल केला तेव्हा कड खाचेत जशी ठोकली होती तशीच होती, नट तसूभर फिरलेला नव्हता, पण साध्या दांड्याला थोडासा हात लावला आणि निघाला. त्या क्षणी थांबून विचार करायला हवा होता. मी खूश झालो की चला सोपं गेलं.

चाक काढून ड्रम ओढा. येत नसेल तर हातोडा घेऊन तुटून पडू नका, जुन्या ड्रमच्या आतल्या बाजूला झिजून कड तयार होते आणि ब्रेक शू तिला अडकतात. मागच्या प्लेटमध्ये रबरी बूच असलेलं छोटं भोक असतं, त्यातून स्क्रूड्रायव्हर घालून ॲडजस्टर मागे फिरवा म्हणजे शू आत येतील. आतली ब्रेकची धूळ हवेच्या पाईपने उडवायची नाही, ती छातीत जाते, ब्रेक क्लीनर मारून ओलीच पुसून घ्या. डिस्कवाल्यांनी कॅलिपर काढून स्प्रिंगला तारेने टांगा, होजवर लोंबकळत सोडू नका.

चार बोल्टच्या युनिटवाल्यांचं दुखणं वेगळं, बोल्ट निघतात पण युनिट गंजाने आत वेल्ड झाल्यासारखं बसलेलं असतं. आधी एबीएस सेन्सर, म्हणजे चाकाचा वेग मोजणारा, सोडवून बाजूला करा, तो तुटला तर वेगळाच ताप. मग गंजाचं तेल मारून ठेवा, तासभर तरी, आणि बोल्ट पूर्ण न काढता चार-पाच आटे सैल करून एक्स्टेंशन लावून मागून त्यांच्या डोक्यावर आळीपाळीने ठोका. बोल्टचे बरेचसे आटे आत असतानाच ठोका, शेवटच्या दोन आट्यांवर लटकत असताना मारलंत तर आटे सोलून निघतील. थोडं हललं की फ्लँजला धरून फिरवून बघा. आणि जे बेअरिंग स्लाइड हॅमरने, म्हणजे दांड्यावर वजन सरकवून झटके देणाऱ्या हत्याराने, खेचून काढलं ते चांगलं दिसलं तरी परत बसवायचं नाही, खेचायचा सगळा मार गोळ्यांमधून गेलेला असतो.

आता माझा मूळ घोळ. ड्रम ओढला की बऱ्याचदा बेअरिंग फुटून येतं, म्हणजे बाहेरची रिंग ड्रमसोबत आणि आतल्या रिंगचा मागचा अर्धा भाग स्टबवरच चिकटलेला. ही रिंग काढायला दोन मार्ग. एक म्हणजे मागून पातळ धारेचा स्प्लिटर घालून पुलरने ओढायची. दुसरा ग्राइंडरचा. ग्राइंडरने रिंगला तिरका काप द्यायचा पण आरपार नाही, शेवटचा कागदाएवढा थर ठेवायचा आणि कापात छिन्नी उभी करून एकच ठोका मारायचा. बेअरिंगचं स्टील इतकं कडक असतं की ते वाकत नाही, टक्क करून तडकतं आणि रिंग हाताने निघते. थांबायचं कुठे हे ज्याला कळत नाही त्याने ग्राइंडर हातात घेऊ नये, मी स्वतः नाही घेत, पुलरच लावतो.

माझी गाडी पहिल्यांदा एका गॅरेजमध्ये झाली होती आणि तिथे कोणीतरी हा काप जरा जास्तच खोल नेला होता. स्टबवर खांद्याच्या, म्हणजे जिथे दांडा जाड होतो आणि रिंग टेकते त्या पायरीच्या, अलीकडे तीन-चार मिलिमीटरवर एक आडवी खाच, नखाला अडकेल इतकीच. खाचेपेक्षा खाचेची कड महत्त्वाची, ती थोडीशी वर उठलेली होती. ग्रीस लागलेलं असताना काही दिसत नाही. मी दुसऱ्या वेळी नाही बघितली.

दुसऱ्या वेळी मी आणखी एक उद्योग केला. प्रेस नव्हता, मग नवीन बेअरिंग ड्रममध्ये हातोड्याने ठोकून बसवलं, खाली लाकूड वगैरे ठेवून अगदी काळजीपूर्वक, फक्त ठोकलं आतल्या रिंगवर. बेअरिंग ड्रममध्ये बसवताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा असतो, कारण घट्ट ती बसते. स्टबवर चढवताना जोर आतल्या रिंगवर. उलट केलं की सगळा दाब गोळ्यांमधून जातो आणि रेसवर, म्हणजे गोळ्या ज्यावरून फिरतात त्या पट्ट्यावर, गोळ्यांच्या जागी बारीक खड्डे पडतात. बेअरिंग हाताने फिरवलं तर छान फिरतं, पण तीन आठवड्यांत घरघर सुरू. म्हणजे ते दुसरं बेअरिंग मी बसवतानाच मारलं होतं, आणि शिव्या दुकानदाराला घातल्या.

तर जुनं बेअरिंग फेकू नका. ते फोडा, पेट्रोल किंवा डिझेलने धुवा, पुसा, आणि रेस तिरक्या उजेडात धरा. गोळ्यांच्या अंतरावर एकसारखे खड्डे असतील तर बसवताना मार बसलाय. ग्रीस दुधाळ आणि रेसवर गंजाचे काळपट डाग असतील तर पाणी गेलंय, टोपी नाहीतर सील बघा, आणि चाकाच्या मध्यात जवळून प्रेशर वॉशर मारायची सवय असेल तर ती पण बघा. निळा किंवा पिवळसर रंग चढलेला आणि ग्रीस जळून काळं झालेलं म्हणजे उष्णता, तिथे बऱ्याचदा ब्रेक पूर्ण सुटत नसतो, हँडब्रेकची केबल जाम असते, बेअरिंग बिचारं भाजून निघतं. आतल्या रिंगवर फक्त खालच्या भागात पोपडे निघालेत आणि बाकी रिंग आरशासारखी, तर ते नैसर्गिक मरण आहे. स्टब फिरत नाही, सगळं वजन कायम खालच्याच भागावर येतं, त्यामुळे आयुष्य संपल्यावर तिथूनच सुरुवात होते. अशा बेअरिंगबद्दल कुणाला दोष देऊ नका, नवीन घाला आणि विसरा.

माझ्या तिसऱ्या बेअरिंगची रेस चांगली होती, नुकती झिजायला लागलेली. खराबी रिंगच्या आतल्या भोकात होती, जिथे ती स्टबवर बसते. तिथे चकचकीत पट्टे आणि लालसर तपकिरी पूड, बोटाला लागली की लिपस्टिक पुसल्यासारखी पसरणारी. स्टबवर पण तेच. याचा अर्थ आतली रिंग स्टबवर फिरत होती. ती फिरायलाच नको, नट तिला खांद्यावर दाबून धरतो म्हणून ती थांबलेली असते. बाहेरची रिंग ड्रममध्ये घट्ट असते पण आतली स्टबवर हाताने सरकेल इतपतच असते, ती फक्त नटाच्या दाबाने स्थिर राहते. दाब गेला की रिंग कणाकणाने सरकत फिरते आणि स्टबला घासते.

मग नट तर लॉक होता, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरवलेला जोर आला की क्लिक करणाऱ्या पान्याने, क्लिक येईपर्यंत मी स्वतः आवळला होता, दाब गेला कुठे? त्या खाचेच्या कडेत. नवीन रिंग आत जाताना त्या उठलेल्या कडेवर अडकली, खांद्यापर्यंत पोचलीच नाही, आणि नटाला वाटलं की बसली. रेंचने क्लिक दिला. मग गाडी चालली, कड हळूहळू चेपली, रिंग केसभर आत सरकली आणि नटाचा सगळा ताण संपला. नट जागच्या जागी, लॉक जागच्या जागी, दाब शून्य. म्हणून तो इतक्या सहज सुटला होता.

व्हर्नियर लावून स्टबमध्ये फरक कळेना, मायक्रोमीटर लावला तर खालच्या बाजूला 0.06 मिलिमीटर झीज. ऐकायला काहीच नाही, पण इथे तेवढ्यातच सगळा खेळ आहे. कड किरकोळ असेल आणि झीज नसेल तर बारीक फाइलने फक्त उठलेला भाग साफ करून चालतं, पूर्ण स्टबवर पॉलिश पेपर घासत बसायचं नाही, त्याने माप आणखी कमी होतं. रिंगखाली पत्रा घालणे, स्टबला सेंटर पंचने ठिपके मारून जाड करणे हे प्रकार लोक सुचवतात, मला पण सुचवले, माझ्या मते चाकाच्या बाबतीत असली कारागिरी नको. माझा स्टब ॲक्सलला चार बोल्टने होता, तो बदलला. बदलताना स्टबच्या मागे पातळ पत्र्याचे शिम निघाले तर जसे होते तसेच परत घाला, चाकाचा कोन त्यावर असतो. काही गाड्यांत स्टब ॲक्सलशी एकजीव असतो, तिथे काम मोठं आहे आणि आधी नीट माप घेऊनच निर्णय घ्या.

बसवताना मी आता असं करतो. ड्रममधून सर्क्लिप, म्हणजे बेअरिंग अडवून धरणारी खाचेतली रिंग, काढून जुनी बाहेरची रिंग प्रेसने बाहेर, भोक साफ, सर्क्लिपची खाच टोकदार काडीने खरवडून साफ. नवीन बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, ड्रमचा हब गरम हवेने शंभर अंशांच्या आसपास. बाहेरच्या तापमानापेक्षा 80 अंश जास्त गरम केलं तर 72 मिलिमीटरचं भोक साधारण 0.06 मिलिमीटर मोठं होतं, प्रेसचं निम्मं काम तिथेच झालं. बेअरिंग मात्र तापवायचं नाही, आतलं ग्रीस आणि सील खराब होतात. दाबायला जुनी बाहेरची रिंगच वापरा, तिला उभा काप दिलेला असेल तर ती आत अडकत नाही. तळाला टेकलं की प्रेसचा आवाज आणि हाताची जाणीव दोन्ही बदलतात, तिथे थांबायचं. सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का हे बोटाने फिरवून बघा.

एबीएस असलेल्या गाडीत बऱ्याच बेअरिंगच्या एका सीलमध्येच चुंबकीय रिंग असते, ती सेन्सरच्या बाजूला यायला हवी. दोन्ही बाजू सारख्याच दिसतात, हलकी टाचणी जवळ नेली तर ओढली जाते ती बाजू. उलटं बसलं तर चाक मस्त फिरेल आणि डॅशबोर्डवर दिवा पेटेल, मग परत सगळं खोला. ती बाजू लोखंडाचा बुरा पडलेल्या टेबलावर ठेवू नका, आणि चुंबकाच्या ट्रेमध्ये तर अजिबात नको.

ड्रम चढवायच्या आधीची माझी टेस्ट, जी आधी केली असती तर तिसरं बेअरिंग वाचलं असतं. स्टबच्या खांद्यावर मार्करची शाई फासा, हब नट न लावता हाताने आत सरकवा, थोडा दाबून फिरवा आणि काढा. रिंगच्या तोंडावर शाई गोल पूर्ण उमटली पाहिजे. उमटली नाही किंवा एका बाजूलाच उमटली तर रिंग खांद्यापर्यंत पोचत नाहीये, टॉर्क रेंच हातात घ्यायची गरजच नाही, अडतंय कुठे ते शोधा.

नट नवीनच घ्या, एकदा कड ठोकलेला नट परत वापरायचा नाही. टॉर्क तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधलाच, कुठे दीडशे न्यूटन मीटरच्या आसपास असतो तर कुठे अडीचशेच्या पुढे, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा चालत नाही. इम्पॅक्ट गनने सोडवा हवं तर, आवळायला नको. आवळताना ड्रम हाताने फिरवत राहा म्हणजे गोळ्या सरळ बसतात. आणि नट पूर्ण आवळल्याशिवाय गाडी फिरवायची नाही, ढकलायची पण नाही. नट ढिला असताना त्या बेअरिंगवर वजन घेऊन चाक फिरवलं तर ते तिथेच खराब व्हायला लागतं.

टेपर रोलरवाल्यांनी मात्र हे सगळं विसरा. तिथे जोरात आवळलं की बेअरिंग तापून जळतं. चाक फिरवत मध्यम आवळायचा, मग सोडायचा, मग हाताने टेकेल इतकाच, आणि वॉशर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने ढकलला तर सरकला पाहिजे. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट सैल करून जुळवा, आवळून नाही. स्प्लिट पिन नवीन.

सगळं लावल्यावर ब्रेकचं ॲडजस्टमेंट परत करा, हँडब्रेक तीन-चार वेळा ओढा, चाक मोकळं फिरतंय ना बघा. थोडं फिरवून आणा आणि लगेच हबजवळ हात नेऊन दोन्ही बाजूंची तुलना करा, स्पर्श न करता आधी, कारण ब्रेक घासत असेल तर भाजेल. कोमट दोन्हीकडे सारखं असेल तर ठीक, एका बाजूला जास्त गरम असेल तर आधी ब्रेक बघा.

माझा नवीन स्टब बसून दीड वर्ष झालं. मध्ये ब्रेक शू बदलायला तो नट एकदा खोलला तेव्हा लांब दांडा आणि पाईप दोन्ही लागले, घाम निघाला. इतकं बरं मला नट न सुटल्याचं कधी वाटलं नव्हतं.